हे पुस्तक आवडले, आता पुढचे कोणते? वाचकाने वाचकासाठी आखलेल्या नऊ वाटा

वाचून झालेले पुस्तक परत करायला आलेला वाचक ग्रंथपालाला हमखास एक प्रश्न विचारतो : ‘असेच आणखी काही आहे का?’ प्रश्न साधा असला तरी उत्तर सोपे नसते. ‘असेच’ म्हणजे नेमके कसे, हे विचारणाऱ्यालाही पुष्कळदा सांगता येत नाही. कोणाला त्या पुस्तकातील माणसे आवडलेली असतात, कोणाला भाषा, तर कोणाला केवळ त्यातील गाव आपल्या गावासारखे वाटलेले असते. ग्रंथपालाला वेळ असेल आणि त्याचे स्वतःचे वाचन असेल, तर तो दोन प्रश्न विचारून योग्य कपाटाकडे बोट दाखवतो. तसे झाले नाही तर वाचक रिकाम्या हाताने परततो आणि पुढच्या खेपेस येईलच याची खात्री राहत नाही.

गोव्यातील मराठी वाचकाच्या बाबतीत या प्रश्नाला अधिक वजन आहे. येथील कित्येक घरांत आजी-आजोबांनी हौसेने जमवलेल्या मराठी पुस्तकांचे एक कपाट असते. घरात बोलणे कोकणीत चालते आणि नातवंडांचे शिक्षण इंग्रजीत होते. अशा घरात मराठी पुस्तक पुढच्या पिढीपर्यंत आपोआप पोहोचत नाही, कोणीतरी ते हातात ठेवावे लागते. हातात ठेवलेले पहिलेच पुस्तक चुकीचे निघाले, तर दुसऱ्याची संधी क्वचितच मिळते. म्हणूनच पुस्तक सुचवणे हा केवळ आवडीनिवडीचा विषय न मानता ती एक जबाबदारी समजावी.

प्रस्तुत लेखात ‘सर्वोत्तम शंभर’ अशी यादी नाही. वाचकाला जे पुस्तक आधीच आवडले आहे, तेथून पुढे कोठे जाता येईल, अशा नऊ वाटा येथे दिल्या आहेत. लेख कापून कपाटाच्या दाराला लावावा किंवा भ्रमणध्वनीत जपून ठेवावा, आणि विचारणारा आला की उपयोगात आणावा.

सुचवण्यापूर्वी तीन प्रश्न

पहिला प्रश्न : शेवटपर्यंत वाचून झालेले अलीकडचे पुस्तक कोणते? ‘तुम्हाला काय आवडते’ असे विचारल्यास माणूस सहसा प्रतिष्ठित नावे सांगतो. पूर्ण केलेल्या पुस्तकाचे नाव मात्र खरी आवड दाखवते. ते रहस्यकथेचे असो वा पाककृतींचे, त्याला नाक मुरडू नये.

दुसरा प्रश्न : त्यातील काय लक्षात राहिले? उत्तरात एखाद्या पात्राचे नाव आले तर व्यक्तिचित्रांकडे किंवा आत्मचरित्रांकडे वळावे. प्रसंग सांगितला तर कथा-कादंबरीकडे जावे. माहिती सांगितली तर ललितेतर ग्रंथ काढावा.

तिसरा प्रश्न : वाचायला वेळ कधी मिळतो? पणजी-मडगाव बसमध्ये वाचणाऱ्याला सातशे पानांची कादंबरी दिली, तर ती पहिल्या पन्नास पानांतच अडकते. त्याला कथासंग्रह द्यावा. मोठा ग्रंथ चतुर्थीनंतरच्या निवांत दिवसांसाठी किंवा पावसाळ्यातील संध्याकाळींसाठी राखून ठेवावा.

याला एक पथ्यही जोडावे. सुचवलेले पुस्तक आवडले नाही तर अर्ध्यावर सोडण्याची मुभा समोरच्याला आधीच द्यावी. आपल्या आवडीचे पुस्तक कोणी परत आणून दिले की आपल्याला किंचित दुखते. तो राग धरणाऱ्याकडे पुन्हा कोणी पुस्तक मागायला येत नाही.

पहिली वाट : महाभारत आवडणाऱ्यांसाठी

शिवाजी सावंत यांच्या ‘मृत्युंजय’पासून (१९६७) मोठ्यांच्या वाचनाला प्रारंभ केलेले असंख्य वाचक आहेत. कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली आणि कृष्ण अशा सहा जणांच्या तोंडून एकच कथा उलगडत जाते, हे त्या कादंबरीचे बलस्थान. ती संपवून भारावलेल्या वाचकाला लगेच तशीच दुसरी कादंबरी देण्याऐवजी इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’ (१९६७) द्यावे. समाजशास्त्र आणि मानववंशशास्त्र यांच्या अभ्यासक असलेल्या इरावतीबाई त्याच व्यक्तींकडे भक्तीने पाहत नाहीत. त्या काळची माणसे, त्यांच्या चुका आणि त्यांचा समाज कसा होता, याचा त्या शोध घेतात. ‘मृत्युंजय’मधील कर्ण आणि ‘युगान्त’मधील कर्ण शेजारी ठेवून पाहिले की एकाच व्यक्तीची दोन चित्रे कशी असू शकतात, हे वाचकाला कोणी शिकवावे लागत नाही.

यानंतर दुर्गा भागवत यांचे ‘व्यासपर्व’ (१९६२) घ्यावे. ते आकाराने लहान असले तरी संथपणे वाचण्याचे पुस्तक आहे. दीर्घ कादंबरीची ओढ कायम असेल, तर एस. एल. भैरप्पा यांच्या मूळ कन्नड ‘पर्व’चा उमा कुलकर्णी यांनी केलेला मराठी अनुवाद घ्यावा. त्यात देव आणि चमत्कार बाजूला ठेवून महाभारत माणसांच्या पातळीवर आणलेले आहे. या क्रमाने गेलेला वाचक भारावून जाण्यापासून विचार करण्यापर्यंतचा प्रवास स्वतःच करतो.

दुसरी वाट : हसण्यासाठी वाचणाऱ्यांची

पु. ल. देशपांडे यांचे ‘व्यक्ती आणि वल्ली’ किंवा ‘बटाट्याची चाळ’ ज्यांना पाठ आहे, त्यांना ‘पुढे कोण?’ हा प्रश्न नेहमी पडतो. त्यांनी प्रथम मागे जावे. बडोद्यात आयुष्याचा मोठा काळ घालवलेल्या चिं. वि. जोशी यांचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ आजही ताजे वाटतात. त्यांचा विनोद मध्यमवर्गीय घरातल्या साध्या फजितीतून येतो.

नंतर जयवंत दळवी यांचे ‘सारे प्रवासी घडीचे’ वाचावे. दळवींचा जन्म बार्देश तालुक्यातील हडफडे येथील, आणि बालपण गेले वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीत. त्यामुळे त्यांच्या पुस्तकातील माणसे, त्यांचे हेल आणि त्यांचा तिरकसपणा पेडणे-बार्देशच्या वाचकाला परका वाटत नाही. या पुस्तकात हसता हसता मृत्यू आणि एकाकीपण केव्हा येऊन बसतात, ते कळत नाही. पुलंच्या अंतू बर्व्यात जी खोल व्यथा आहे, ती ओळखलेला वाचक दळवींपाशी नक्की थांबेल. तिसरा थांबा म्हणून व्यंकटेश माडगूळकरांचे ‘माणदेशी माणसं’ (१९४९) ठेवावे. येथे हसू जवळजवळ नाही. तरीही व्यक्तिचित्र हा प्रकार आवडणाऱ्याला ते मनापासून आवडते.

तिसरी वाट : गोवा मराठीतून वाचू पाहणाऱ्यांची

गोव्यात मराठी लेखनाची परंपरा जुनी आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. मात्र नव्या वाचकाने आरंभ तेथून करू नये. सत्तरीतील आंबेडे गावी जन्मलेल्या पं. महादेवशास्त्री जोशी यांच्या कथांपासून करावा. त्यांच्या कथांवर ‘मानिनी’, ‘कन्यादान’ असे गाजलेले चित्रपट निघाले, इतकी त्यांची कथा त्या काळी घरोघरी पोहोचली होती. त्या कथांतील देवळे, कुळागरे, भटजी आणि विधवा आज इतिहासजमा झालेल्या गोव्यातील आहेत. कथा आवडल्या की त्यांचे ‘आत्मपुराण’ घ्यावे. भिक्षुकी करणाऱ्या घरातील एक मुलगा पुढे दहा खंडांच्या ‘भारतीय संस्कृतिकोशा’चा संपादक कसा झाला, याची ती प्रांजळ हकीकत आहे.

मुक्तिलढ्यात रस असणाऱ्यांनी मोहन रानडे यांचे ‘सतीचे वाण’ वाचावे. पोर्तुगीज तुरुंगात वर्षानुवर्षे काढलेल्या माणसाने ते लिहिले आहे आणि मुक्तीनंतर काही वर्षे लोटली तरी रानडे पोर्तुगालच्या कैदेतच होते, हे आजच्या तरुणांना ठाऊक नसते. याच्या जोडीला बोरी गावचे सुभाष भेंडे यांची ‘आमचे गोंय आमका जाय’ ही कादंबरी ठेवावी. गोव्यातील राजकीय स्थित्यंतर सामान्य माणसांच्या आयुष्यात कसे उतरले, ते त्यात दिसते.

चौथी वाट : देवळाभोवतीच्या स्त्रियांच्या कथा

ही वाट वेगळी काढण्याचे कारण असे, की या विषयावर मराठीने धीटपणे लिहिले आहे आणि तो आपल्या भूमीशी थेट निगडित आहे. प्रारंभ दळवींच्या ‘महानंदा’ने करावा. शं. ना. नवरे यांनी तिच्यावरून ‘गुंतता हृदय हे’ हे नाटक लिहिले, आणि ते पाहिलेले प्रेक्षक आजही गोव्यात भेटतात. त्यानंतर बा. भ. बोरकरांची ‘भावीण’ (१९५०) घ्यावी. बोरकर आपल्याला कवी म्हणून माहीत असतात. त्यांच्या या कादंबरीपर्यंत मात्र थोडेच वाचक जातात.

येथून सीमाभागाकडे वळावे. गडहिंग्लज परिसरातील राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ या कादंबऱ्या यल्लम्माला सोडलेल्या मुलामुलींच्या जीवनावर आहेत. पहिल्या दोन पुस्तकांत प्रथेभोवती प्रेमकथेचे आणि संगीताचे वलय आहे. गवसांकडे आल्यावर ते वलय उरत नाही. चारही पुस्तके वाचलेल्या व्यक्तीला देवदासी प्रथेविषयी भाषण ऐकवण्याची गरज पडणार नाही.

पाचवी वाट : जमीन जाते तेव्हा

साळावली धरणात बुडालेले कुर्डी गाव दर उन्हाळ्यात पाणी ओसरले की वर येते आणि जुने गावकरी आपल्या देवाला भेटायला तेथे जमतात. हे दृश्य ज्यांनी पाहिले आहे, त्यांच्या हाती विश्वास पाटील यांची ‘झाडाझडती’ (१९९१) द्यावी. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाची फरपट तिच्यात तपशिलाने येते. त्या कादंबरीला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. तथापि ती सुचवताना पुरस्कार सांगू नये, कुर्डी सांगावी.

खाणपट्ट्यातील वाचकाने पुंडलीक नायक यांची ‘अच्छेव’ (१९७७) मूळ कोकणीतूनच वाचावी. गोव्यातील मराठी वाचकाला देवनागरी कोकणी वाचायला अनुवादाची आवश्यकता नसते. हा आपला एक मोठा लाभ आहे आणि भाषावादाच्या धुरळ्यात तो गमावू नये. खाण आल्यावर गावातील शेती, नाती आणि नीती कशी ढासळते, ते नायकांनी फार पूर्वी लिहून ठेवले. पुढे सावंतवाडीचे प्रवीण बांदेकर यांची ‘चाळेगत’ आणि कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’ वाचावी. अनुक्रमे तळकोकण आणि कोल्हापूरचा डोंगराळ भाग यांतील हीच वेदना नव्या पिढीच्या भाषेत तेथे भेटते. ‘रिंगाण’ला २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला आहे.

सहावी वाट : खरे आयुष्य वाचू इच्छिणाऱ्यांची

‘मला कादंबरी नको, खरे काहीतरी द्या’ असे म्हणणारे पुष्कळ असतात. त्यांना लक्ष्मीबाई टिळक यांची ‘स्मृतिचित्रे’ द्यावीत. १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालेले हे आत्मचरित्र शाळेत न गेलेल्या स्त्रीने लिहिलेले आहे आणि मराठीतील अत्यंत प्रसन्न गद्यांत त्याची गणना होते. पतीच्या धर्मांतराने उद्ध्वस्त होऊ शकले असते असे आयुष्य त्या स्वतःवर हसत सांगतात.

त्यानंतर सुनीता देशपांडे यांचे ‘आहे मनोहर तरी’ (१९९०) वाचावे. प्रसिद्ध पुरुषाच्या घरातून लिहिलेली ही दोन आत्मकथने परस्परांशी बोलतात. एकीत राग विनोदात विरघळतो, दुसरीत तो स्पष्टपणे मांडला जातो. तिसरे पुस्तक ऊर्मिला पवार यांचे ‘आयदान’ (२००३). रत्नागिरीकडील गावात बांबूच्या वस्तू विणून मुलांना वाढवणाऱ्या आईची ही कथा पहिल्या दोन पुस्तकांत न दिसलेला कोकण दाखवते. येथवर आलेला वाचक मग स्वतःच दया पवार यांचे ‘बलुतं’ (१९७८) आणि लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०) मागतो. ही दोन्ही पुस्तके प्रथमच दिली, तर काही वाचक त्यातील दाहाने मागे सरतात. वाट चालून आलेला वाचक मात्र शेवटच्या पानापर्यंत टिकतो.

सातवी वाट : रानाची

म्हादईच्या खोऱ्यात, खोतीगावात किंवा नेत्रावळीत भटकणाऱ्या तरुणांना वाचनाकडे आणण्याचा हा सर्वांत सुकर मार्ग. वन अधिकारी म्हणून हयात जंगलात घालवलेल्या मारुती चितमपल्ली यांच्या ‘रानवाटा’ने सुरुवात करावी. लेख छोटे आहेत आणि कोठूनही उघडून वाचता येतात. मग कृष्णमेघ कुंटे यांचे ‘एका रानवेड्याची शोधयात्रा’ द्यावे. मुदुमलाईच्या जंगलात काम करणाऱ्या तरुणाचे हे अनुभवकथन महाविद्यालयीन मुलामुलींना विशेष भावते.

पुढे पूर्णचंद्र तेजस्वी यांची मूळ कन्नड कादंबरी ‘कर्वालो’ मराठीतून वाचावी. सह्याद्रीच्या रानात एका उडत्या सरड्याचा शोध घ्यायला निघालेली विचित्र मंडळी तिच्यात आहेत. सरतेशेवटी दुर्गाबाईंचे ‘ऋतुचक्र’ (१९५६) द्यावे. बारा मराठी महिन्यांची ही बारा चित्रे आहेत. ते एका बैठकीत वाचू नये. ज्या महिन्याचा लेख त्याच महिन्यात वाचावा आणि नंतर बाहेर जाऊन झाडे पाहावीत. अशा रीतीने हे पुस्तक वर्षभर सोबत करते.

आठवी वाट : गाणे ऐकणाऱ्यांची

केरीच्या केसरबाई आणि कुर्डीच्या मोगूबाई यांच्या भूमीत गाण्याचे जाणकार घरोघरी आहेत. त्यांच्यापैकी बरेच जण ‘आम्ही ऐकतो, वाचत नाही’ असे सांगतात. त्यांना गोमंतकीय लेखक गोपाळकृष्ण भोबे यांचे ‘सात स्वरश्री’ द्यावे. त्यात कलावंतांची चित्रे अशा माणसाने रेखाटली आहेत, ज्याचा कानही तयार आहे आणि लेखणीही. त्यानंतर बी. आर. देवधर यांचे ‘थोर संगीतकार’ घ्यावे, म्हणजे जुने गवई आपल्या समोर येऊन बसतात.

ज्यांना ऐकण्यामागील शास्त्र समजून घ्यायचे आहे, त्यांनी वामनराव देशपांडे यांच्या ‘घरंदाज गायकी’कडे वळावे. स्वर आणि लय यांचा तोल प्रत्येक घराण्यात कसा बदलतो, याचे विवेचन त्यात आहे. हे पुस्तक नुसते वाचू नये. एक प्रकरण वाचावे, त्या घराण्याचे ध्वनिमुद्रण ऐकावे आणि पुन्हा तेच प्रकरण वाचावे. केसरबाईंच्या शिष्या धोंडूताई कुलकर्णी यांच्याभोवती फिरणारे नमिता देवीदयाळ यांचे ‘द म्युझिक रूम’ हेही मराठीत उपलब्ध आहे. गुरू आणि शिष्या यांच्यातील माया आणि ताण दोन्ही त्यात दिसतात.

नववी वाट : मुलांसाठी, आणि मुलांबरोबर

इंग्रजी माध्यमातील मुलाला मराठी पुस्तक देताना मोठ्यांची एक चूक नेहमी होते. आपल्याला लहानपणी जे वाचून रडू आले, ते त्यालाही यावे असा आपला आग्रह असतो. साने गुरुजींची ‘श्यामची आई’ (१९३५) थोर पुस्तक आहे. पण मराठी अडखळत वाचणाऱ्या दहा वर्षांच्या मुलाला ते एकट्याला देऊ नये, रात्री एकेक प्रकरण वाचून दाखवावे. एकट्याने वाचायला भा. रा. भागवत यांचा ‘फास्टर फेणे’ द्यावा. वेग, खोडकरपणा आणि संकटे यांमुळे मूल शब्दांवर अडखळले तरी पुढे जात राहते.

तेरा-चौदा वर्षांच्या मुलांसाठी, आणि त्यांच्या आईवडिलांसाठीही, प्रकाश नारायण संत यांचे ‘वनवास’ (१९९४) हा एक ठेवा आहे. आजी-आजोबांकडे राहणारा लंपन बेळगावकडच्या कानडीमिश्रित मराठीत आपले जग सांगतो. घरात एक भाषा, शाळेत दुसरी आणि गल्लीत तिसरी, हा अनुभव गोव्यातील मुलाला समजावून सांगावा लागत नाही. ‘शारदा संगीत’, ‘पंखा’ आणि ‘झुंबर’ ही लंपनचीच पुढील पुस्तके. पहिले आवडले की उरलेली तीन मूल स्वतःच मागेल.

वाटा संपतात तेथे : जी. ए. कुलकर्णी

काही वाचक असे असतात, की त्यांना विषय नको असतो, खोली हवी असते. त्यांच्यासाठी धारवाडला राहून लिहिलेल्या जी. ए. कुलकर्णी यांचे नाव राखून ठेवावे. त्यांची सुरुवात ‘काजळमाया’ने न करता ‘निळासावळा’ किंवा ‘हिरवे रावे’पासून करावी, कारण आरंभीच्या कथांतील माणसे आणि घरे ओळखीची वाटतात. रूपककथांकडे नंतर जावे.

पुस्तके सुचवण्याच्या आपल्या विषयाशी जी. एं.चा आणखी एक संबंध आहे. त्यांचा आणि सुनीताबाईंचा दीर्घ पत्रव्यवहार झाला. जी. एं.च्या निवडक पत्रांचा पहिला खंड आणि सुनीताबाईंचे ‘प्रिय जी. ए.’ ही पुस्तके शेजारी ठेवून वाचली, की दोन चोखंदळ वाचक एकमेकांना पुस्तकांविषयी कसे लिहितात, ते पाहायला मिळते. त्यात मतभेद आहेत, अपेक्षा आहेत आणि दुसऱ्याच्या आवडीविषयीचा आदरही आहे. क्वचितच भेटणारी माणसे केवळ वाचनाच्या आधारावर किती जवळ येऊ शकतात, याचा तो पुरावा होय.

पुस्तकांविषयीची पुस्तके

ज्यांना इतरांसाठी नियमितपणे पुस्तके निवडायची असतात, अशा शिक्षकांनी, ग्रंथपालांनी आणि वाचनमंडळे चालवणाऱ्यांनी दोन पुस्तके जवळ बाळगावीत. एक, गोविंद तळवलकर यांचे ‘वाचता वाचता’. मराठी वाचकाला जगभरच्या ग्रंथांची ओळख करून देणारे हे लेखन आहे. दुसरे, सतीश काळसेकर यांचे ‘वाचणाऱ्याची रोजनिशी’. मालवण तालुक्यातील काळसे गावच्या या कवीने आपण काय वाचले, पुस्तक कोठे मिळाले आणि कोणी दिले, याची नोंद ठेवली. त्या नोंदींना २०१३ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. एका वाचकाच्या रोजनिशीचा असा सन्मान व्हावा, ही प्रत्येक सामान्य वाचकाला उभारी देणारी गोष्ट आहे. १९६४ पासून निघणाऱ्या ‘ललित’ मासिकाने तर ‘चोखंदळ वाचकांची निवड’ मागवून वाचकाच्या मताला छापील प्रतिष्ठा दिली. दळवी ‘ठणठणपाळ’ या नावाने खुसखुशीत सदर लिहीत, ते याच मासिकात.

पुस्तक मिळवावे कोठून

पणजीत पाटो येथील कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय हे पहिले ठिकाण. १८३२ साली स्थापन झालेली ही संस्था देशातील जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी एक आहे. वर सांगितलेल्या पुस्तकांपैकी काही दुकानांत सहज मिळत नाहीत, विशेषतः जुने कथासंग्रह. अशा वेळी आपल्या तालुक्याच्या किंवा गावच्या वाचनालयात लेखकाचे आणि पुस्तकाचे नाव कागदावर लिहून मागणी नोंदवावी. नोंदवहीत मागणीच नसेल, तर पुढच्या खरेदीत ते पुस्तक येणार कसे? वाचक मौन राहिला की कपाटात जागा भरली जाते ती कोणी न मागितलेल्या पुस्तकांनी.

दुसरे ठिकाण अधिक जवळचे आहे, ते म्हणजे आपल्या ओळखीतील घरे. घरातील ज्येष्ठ व्यक्ती गेल्यानंतर त्यांच्या पुस्तकांचे काय करावे, हा प्रश्न आज अनेक कुटुंबांपुढे उभा आहे. घर रंगवायला काढले की कपाट रिकामे होते आणि पुस्तके किलोच्या भावाने रद्दीत जातात. त्यांत कदाचित ‘भावीण’ची जुनी आवृत्ती असते, किंवा पहिल्या पानावर लग्नातील अहेर म्हणून नाव घातलेले ‘ययाती’. तसे होऊ देण्यापूर्वी एवढे करावे : आप्तांना आणि शेजाऱ्यांना बोलावून प्रत्येकाला एकेक पुस्तक निवडायला सांगावे. उरलेली वाचनालयाला विचारून द्यावीत. बाराव्या-तेराव्याच्या निमित्ताने आलेल्या माणसांच्या हाती जाणाऱ्याच्या संग्रहातील एक पुस्तक देणे, ही स्मरणाची उत्तम रीत ठरेल.

एक छोटी सवय

शेवटी एक सूचना. पुस्तक वाचून दुसऱ्याला देताना आत एक चिठ्ठी ठेवावी. तिच्यावर तारीख, आपले नाव आणि एकच वाक्य असावे : हे पुस्तक तुलाच का देत आहे. ‘फार छान आहे’ असे लिहू नये, कारण त्यातून काहीच कळत नाही. ‘यातील आजी आपल्या आजीसारखी बोलते’ किंवा ‘तू कुर्डीला गेला होतास, म्हणून’ असे लिहावे. घेणाऱ्याने वाचून झाल्यावर आपली चिठ्ठी जोडून पुस्तक पुढे द्यावे.

अशा चार-पाच चिठ्ठ्या साठलेले पुस्तक एखाद्या दिवशी फिरत फिरत आपल्या घरी परत येईल. तोपर्यंत ते किती घरांत गेले, कोणी वाचले आणि कोणाला कशासाठी आवडले, हे सगळे त्याच्या पोटातच सापडेल. आज आपल्या कपाटातून असे एक पुस्तक बाहेर काढावे, आणि ते कोणाला द्यायचे ते रात्री झोपण्यापूर्वी ठरवावे.